वेरोनाच्या कॅथेड्रलशेजारचे सान जोव्हान्नी इन फोन्ते : दगडी कुंडाभोवतीची प्रदक्षिणा

पायवाट (धागाकर्ता)

मिलान ते व्हेनिस या रेल्वेमार्गावर वेरोना लागते. आमच्याकडे भारतातून येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना तिथे दोनच गोष्टी पाहायच्या असतात. एक म्हणजे रोमन काळातील अरेना आणि दुसरी म्हणजे ज्युलिएटचे म्हणून दाखवले जाणारे घर. त्या घराचा प्रसिद्ध सज्जा विसाव्या शतकात बसवलेला आहे हे सांगूनही कोणाचा उत्साह कमी होत नाही, आणि व्हावा असा माझा आग्रहही नाही. मात्र त्याच गावात, आदिजे नदीच्या वळणाच्या आत, सान्ता मारिया मात्रिकोलारे या कॅथेड्रलला, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला, खेटून एक लहानसे मध्ययुगीन चर्च उभे आहे. तिकिटात त्याचा समावेश असूनही निम्मे लोक तिकडे न वळताच बाहेर पडतात. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा धागा.

या चर्चचे नाव सान जोव्हान्नी इन फोन्ते. हे मुळात कॅथेड्रलचे बाप्तिस्मागृह आहे, म्हणजे पाण्याच्या संस्काराने माणसाला ख्रिस्ती समाजात घेण्याचा विधी जिथे होई ती वास्तू. कॅथेड्रलच्या आत डाव्या बाजूला एक दार आहे. त्यातून पुढे गेल्यावर जुन्या खांबांचा एक बुटका ओवरीसारखा भाग लागतो आणि तिथून दोन लहान वास्तूंकडे जाता येते. एक सान जोव्हान्नी, दुसरी सांत एलेना. कॅथेड्रलमध्ये लाल दगडाचे भव्य खांब, चित्रकार तित्सियानोने (टिशियन) रंगवलेले येशूची आई मारिया हिच्या स्वर्गारोहणाचे चित्र आणि मुख्य वेदीभोवतीचा वास्तुकार सानमिकेलीचा अर्धवर्तुळाकार कठडा पाहून डोळे इतके भरलेले असतात की या दाराकडे लक्ष जात नाही. त्यामुळे माझा सल्ला असा की, आधी लहान चर्च पाहावे आणि नंतर मोठ्याकडे यावे.

३ जानेवारी १११७ रोजी उत्तर इटलीत मोठा भूकंप झाला आणि वेरोनातील बऱ्याच चर्चांची पडझड झाली. आज आपण पाहतो ते कॅथेड्रल त्यानंतरच्या पुनर्बांधणीतून उभे राहिले. त्याचे पश्चिमेकडील शिल्पमंडित द्वार ११३९ च्या सुमाराचे असून निकोलो या शिल्पकाराने त्यावर आपले नाव कोरवून घेतले आहे. वास्तूचे अभिमंत्रण ११८७ मध्ये पोप तिसरे उर्बान यांच्या हस्ते झाले. सान जोव्हान्नी मात्र मोठ्या चर्चच्या बरेच आधी, ११२३ मध्ये, बिशप बेर्नार्दो यांच्या कारकिर्दीत पुन्हा बांधून झाले होते. शहरात नव्याने जन्मलेल्या जिवांना समाजात घेण्याचा विधी कॅथेड्रल पूर्ण होईपर्यंत थांबवता येण्यासारखा नव्हता. निदान मला तरी या क्रमाचा अर्थ असाच लागतो.

आत गेल्यावर दिसते ती एक साधी, तीन पाख्यांची (खांबांच्या रांगांनी तीन लांब पट्ट्यांत विभागलेली) खोली. तिच्या टोकाला तीन अर्धगोल कोनाडे आहेत, भिंतींवर तेराव्या-चौदाव्या शतकातील भित्तिचित्रांचे तुकडे आहेत आणि मधोमध, जवळजवळ सगळी जागा व्यापून, एक अष्टकोनी दगडी कुंड आहे. हे कुंड एकाच अखंड शिळेतून कोरलेले असून साधारण १२०० च्या आसपासचे मानले जाते. त्यावर कोणाही शिल्पकाराची सही नाही. सान झेनो चर्चच्या दर्शनी भागावरचे चक्राकार गवाक्ष घडवणाऱ्या ब्रिओलोतोचे नाव काही अभ्यासक इथेही घेतात, पण शैलीच्या साम्यापलीकडे त्याला आधार नाही. त्या काळी द्वारावर स्वतःची स्तुती कोरणारा निकोलो आणि कुंडावर एक अक्षरही न ठेवणारा हा अनामिक हे दोघे एकाच आवारात पाहायला मिळतात.

कुंडाच्या आठ बाजूंवर आठ शिल्पपट आहेत आणि ते पाहण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे प्रदक्षिणा. सुरुवात देवदूत मारियेला संदेश देतो तिथून होते. त्यानंतर मारिया व एलिझाबेथ यांची भेट आणि येशूचा जन्म एकाच पटात येतात. पुढे मेंढपाळांना मिळालेली वार्ता, पूर्वेकडच्या ज्ञानी राजांचे दर्शन, नवजात येशूचा काटा काढण्यासाठी बालकांना मारण्याची हेरोद राजाची आज्ञा, बालकांची कत्तल, इजिप्तकडे पलायन आणि शेवटी यार्देन नदीतील येशूचा बाप्तिस्मा असा क्रम आहे. वरच्या काठाखाली लहान कमानींची झालर फिरते आणि कोपऱ्यांवर बारीक खांब कोरलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक पट एखाद्या चौकटीत बसवल्यासारखा सुटा वाचता येतो.

मला सर्वांत विचारात पाडणारी गोष्ट या पटांच्या वाटणीत आहे. आठांपैकी दोन पट, म्हणजे कथेचा चौथा हिस्सा, हेरोदाला आणि त्याने मारविलेल्या बालकांना दिलेला आहे. सिंहासनावर बसलेला राजा आणि त्याचे सशस्त्र सैनिक एका पटात आहेत. आया, तान्ही मुले आणि तलवारी दुसऱ्या पटात. ज्या कुंडात तान्ह्या मुलांना बुडवून बाहेर काढायचे, त्याच कुंडावर तान्ह्या मुलांची कत्तल इतक्या ठळकपणे का कोरावी? आजच्या आईबापांना हे विचित्र वाटेल. पण त्या काळच्या धर्मविचारात ही बालके ख्रिस्तासाठी मेलेले पहिले हुतात्मे होती. २८ डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन आजही पाळला जातो, आणि पाण्याने बाप्तिस्मा न होताही रक्ताने त्यांचा बाप्तिस्मा झाला अशी परंपरेची धारणा आहे. म्हणजे त्या दोन पटांवरही बाप्तिस्म्याचीच कथा चालू आहे. शिवाय ज्या काळात अर्भके सहज दगावत, त्या काळात कडेवर मूल घेऊन या पटासमोर उभ्या राहिलेल्या बाईला हे शिल्प परके वाटले नसणार.

पलायनाच्या पटानंतर कथा एकदम सुमारे तीस वर्षे ओलांडून बाप्तिस्म्यावर येते. तिथे नदीचे पाणी लाटांच्या रेषांनी कोरलेले आहे. कुंड अष्टकोनी असल्यामुळे हा शेवटचा पट पहिल्या पटाला, म्हणजे देवदूताच्या संदेशाला, चिकटून येतो आणि फेरी जिथे संपते तिथूनच नवी सुरू होते.

पानवेल

पायवाट, लेख मनापासून आवडला. मी वसईची आहे आणि आमच्या गावातील चर्चमध्ये लहानपणापासून जे पाहत आले त्याचा धागा इथे जुळला, म्हणून लिहिते.

आमच्याकडे आता मुलांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, वर्षभरात केव्हाही, बहुधा रविवारी होतो, आणि त्यासाठी लहानसे भांडे किंवा कुंड पुरते. मात्र ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत अजूनही जुन्या पद्धतीचा अंश शिल्लक आहे. त्या रात्री पाणी आशीर्वादित केले जाते, मोठी माणसे नव्याने दीक्षा घेत असतील तर त्यांचा संस्कार त्याच वेळी होतो आणि हातात मेणबत्त्या घेऊन बाकीचे सगळे आपापल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतात. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत ईस्टर आणि पेंटेकॉस्ट (ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येणारा सण) यांच्या आदल्या रात्री याच बाप्तिस्म्याच्या मुख्य वेळा असत आणि बिशप स्वतः संस्कार करीत. म्हणूनच प्रत्येक गावात नव्हे, तर बिशपच्या मुख्य चर्चशेजारी एक मोठे बाप्तिस्मागृह असे. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला मुख्य उपासनेत पूर्ण सहभाग नव्हता, त्यामुळे हा विधी वेगळ्या वास्तूत होणे ओघानेच आले. आत जाण्यापूर्वीचे दार म्हणजे ही वास्तू.

माझा प्रश्न असा आहे की, इतक्या मोठ्या कुंडात संस्कार करणारा धर्मगुरू उभा कुठे राहत असे? काठावरून वाकून मूल पाण्यात धरणे तर कठीण दिसते.

पायवाट

पानवेल, प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याचे उत्तर कुंडात डोकावल्यावरच मिळते. अष्टकोनाच्या आत मध्यभागी चार पाकळ्यांच्या आकाराचा आणखी एक दगडी कठडा आहे. धर्मगुरू त्या आतल्या जागेत कोरडा उभा राही आणि भोवतालच्या पाण्यात मुलांना बुडवून काढी. सणाच्या रात्री रांगेने येणारी मुले लक्षात घेतली तर ही सोय किती उपयोगाची असेल हे कळते. पिझा येथील बाप्तिस्मागृहात गुइदो दा कोमो याने १२४६ मध्ये घडवलेले अष्टकोनी कुंड आहे, त्यात अशाच कामासाठी कडेला लहान विहिरींसारख्या जागा ठेवलेल्या आहेत.

फ्लॉरेन्सच्या सान जोव्हान्नीमध्येही तशा जागा होत्या. मध्ययुगीन इटालियन कवी दांतेने आपल्या महाकाव्यातील नरकाच्या एकोणिसाव्या सर्गात सांगितले आहे की, आत बुडू लागलेल्या एका जिवाला वाचवण्यासाठी त्याने त्यांतली एक फोडली होती. पवित्र वस्तू फोडल्याचा ठपका बहुधा त्याच्यावर आला असावा, कारण हा खुलासा तो बराच ठासून करतो.

शिल्पवेडा

वास्तुरचनेचा विद्यार्थी म्हणून एक मुद्दा मांडतो. इटलीतील नावाजलेली बाप्तिस्मागृहे आठवून पाहा. रोममधील लॅटरन, रावेन्ना, फ्लॉरेन्स, पार्मा, क्रेमोना येथे वास्तूच अष्टकोनी आहे. आठ या संख्येमागचा विचार असा की, सृष्टीचे सात दिवस संपल्यावर येणारा आठवा दिवस म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस. मिलानच्या जुन्या बाप्तिस्मागृहासाठी रचलेल्या आणि तिथले चौथ्या शतकातील बिशप संत आम्ब्रोज यांच्या नावावर असलेल्या लॅटिन ओळींत हा अर्थ स्पष्ट सांगितलेला आहे.

वेरोनात मात्र वास्तू लांबट आहे, नेहमीच्या चर्चसारखी तीन पाख्यांची आणि तीन कोनाड्यांची. अष्टकोन भिंतींतून निघून कुंडात आला आहे. त्यामुळे जागेत एक ताण निर्माण होतो. खोली तुम्हाला सरळ पुढे, वेदीकडे ओढते आणि कुंड तुम्हाला गोल फिरायला लावते. फ्लॉरेन्सच्या अष्टकोनात उभे राहिल्यावर नजर आपोआप वर, छताकडे जाते. इथे ती खाली आणि जवळ राहते. मला वेरोनाचा हा अनुभव अधिक आवडतो, जरी फ्लॉरेन्सच्या सोनेरी छताशी या साध्या खोलीची तुलना करणे अन्यायाचे ठरेल.

इथले खांबही जरूर पाहावेत. आधारांची जाडी आणि आकार सारखे नाहीत, आणि काही शीर्षे बाराव्या शतकाच्या बरीच आधीची, पडलेल्या जुन्या वास्तूंतून उचलून इथे बसवलेली आहेत. भूकंपानंतर हाताशी आलेला प्रत्येक चांगला दगड वापरला गेला. अशा पुनर्वापराला गरिबीचे लक्षण समजण्याचे कारण नाही, कारण जुन्या पवित्र जागेचा दगड नव्या भिंतीत असणे ही त्या काळी प्रतिष्ठेची बाब होती.

तळघर

धागा उत्तम चालला आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. या दोन लहान वास्तूंपैकी खरी पाहण्यासारखी सांत एलेना आहे, आणि धाग्यात तिचा एका ओळीत उल्लेख होऊन ती मागे पडली याचे वाईट वाटले.

सांत एलेना नवव्या शतकातील आहे. ती मुळात संत जॉर्ज व संत झेनो यांच्या नावाने उभारली गेली, एलेनाचे नाव पुढे मिळाले. कॅथेड्रलच्या कॅनन मंडळाचे, म्हणजे बिशपसोबत राहून उपासना व कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूंच्या संघाचे, हे चर्च होते. नुसते पाहिले तर ती एक उघड्या लाकडी छताची साधी खोली आहे. परंतु इथे उत्खनन करून जमिनीखालचे थर उघडे ठेवलेले आहेत, आणि वेरोनाचे पहिले ख्रिस्ती प्रार्थनास्थळ, चौथ्या शतकातील, याच जागी होते हे तिथे डोळ्यांनी दिसते. ते अपुरे पडल्यावर त्याहून मोठे दुसरे बांधले गेले आणि कालांतराने मुख्य चर्च शेजारी सरकले. थोडक्यात, आजचे कॅथेड्रल हेच इथले नंतर आलेले भावंड आहे, आणि लहान वास्तू मूळ जागा धरून बसल्या आहेत.

त्या जुन्या फरशीचे तुकडे रंगीत दगडी चिपांच्या नक्षीचे आहेत. एड्रियाटिक किनाऱ्याच्या उत्तर भागात अशा फरशा भाविकांच्या वर्गणीतून केल्या जात, आणि कोणी किती फूट फरशी करून दिली हे त्या फरशीतच लिहिले जाई. ग्रादो येथील संत एउफेमियाच्या चर्चमध्ये ही नोंद आजही वाचता येते. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा संगमरवरी लादीवर ‘अमुक यांचे स्मरणार्थ’ असे कोरलेले असते, त्याच जातीचा हा प्रकार आहे, फक्त तिथे फुटांचा हिशेबही उघड मांडलेला आहे.

दुसरे कारण दांते. फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेला दांते वेरोनाचा सत्ताधीश कानग्रांदे देल्ला स्काला याच्या आश्रयाला राहिलेला होता. रविवार, २० जानेवारी १३२० रोजी त्याने याच सांत एलेनामध्ये वेरोनाच्या धर्मगुरूंसमोर लॅटिनमध्ये एक शास्त्रीय व्याख्यान दिले. प्रश्न असा होता की, पृथ्वीवर पाणी कोठेही जमिनीपेक्षा उंच पातळीवर असू शकते का? वाद मांतुआमध्ये निघाला होता आणि तिथे तो अर्धवट राहिला, म्हणून दांतेने तो इथे निकाली काढला. उत्तर होते ‘नाही’, जमीनच उंच आहे, आणि तिला उचलून धरणारी शक्ती स्थिर ताऱ्यांच्या गोलाची आहे. यातला पहिला भाग आपल्यालाही मान्य होण्यासारखा आहे, दुसरा नाही. पण शेवटी त्याने एक चिमटाही काढला आहे. शहरातील सगळा धर्मगुरुवर्ग हजर होता, केवळ काही जण सोडून, जे इतके विनम्र आहेत की दुसऱ्याची थोरवी मान्य केल्यासारखे दिसू नये म्हणून त्याच्या भाषणाला येतच नाहीत. हे वाचल्यावर त्या लहान खोलीतील रिकाम्या जागा कोणत्या होत्या याची मला फार उत्सुकता वाटते.

गोदाकाठ

तळघर, या व्याख्यानाच्या खरेपणाविषयी शंका घेतल्या गेल्या आहेत ना? मध्ययुगीन हस्तलिखित एकही उपलब्ध नाही, आणि मजकूर पहिल्यांदा छापला गेला तो १५०८ मध्ये व्हेनिसला, म्हणजे दांतेच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोन शतकांनी. एखाद्या हुशार विद्वानाने दांतेच्या नावावर खपवलेला मजकूर असण्याची शक्यता पूर्ण नाकारता येईल का?

तळघर

शंका रास्त आहे आणि दीर्घकाळ बहुतेकांचे मत तिकडेच झुकलेले होते. पारडे फिरले ते दांतेचा मुलगा पिएत्रो याच्या टीकाग्रंथामुळे. वडिलांच्या महाकाव्यावर त्याने लिहिलेल्या टीकेच्या नंतरच्या पाठात, दांतेने या विषयावर वाद केला होता असा उल्लेख सापडतो. पिएत्रो वेरोनातच न्यायाधीश होता, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट म्हणून सहज झटकता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बहुतेक अभ्यासक व्याख्यान दांतेचेच मानतात. विरोधी मत अगदी मावळले आहे असे मात्र नाही.

एक आणखी सांगतो. शंभर पावलांच्या परिसरातच कॅनन मंडळाचे ग्रंथालय आहे, ज्यातील एका हस्तलिखितावर लेखनिकाने ५१७ हे साल स्वतः नोंदवलेले आहे, आणि जिथे १८१६ मध्ये इतिहासकार नीबूरला रोमन कायदेपंडित गायस याचा हरवलेला मूळ ग्रंथ, खरवडून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्राच्या खालच्या थरात, सापडला. असे ग्रंथ सांभाळणाऱ्या लोकांसमोर दांते बोलत होता, तेव्हा श्रोते ऐरेगैरे नव्हते.

पायवाट

तळघर यांचा आक्षेप अंशतः मान्य. सांत एलेनाचे ऐतिहासिक वजन नक्कीच मोठे आहे. तरीही माहिती नसलेला पाहुणा तिथे उभा राहिला तर त्याला काचेखालची फरशी आणि रिकाम्या भिंती दिसतात, तर कुंडासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी काही न सांगताही आई, मूल, गाढव, तलवार समजते. माझी सासू इटालियनचा एक शब्द न जाणता पलायनाच्या पटापाशी सर्वांत जास्त वेळ थांबली आणि ‘यशोदेचं नाही, देवकीचं दुःख आहे हे’ असे म्हणाली. कंसाने मारविलेली मुले तिच्या मनात आली असणार. त्या दोन्ही कथांचा परस्परसंबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, पण शिल्पकाराचे काम पोहोचले एवढे खरे.

सुरंगी

आम्ही येत्या वसंतात आईवडिलांना घेऊन उत्तर इटलीला जात आहोत. वेरोनासाठी एकच दिवस आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. या दोन्ही वास्तू पाहणे जमेल का, आणि किती वेळ हाताशी ठेवावा?

पायवाट

सुरंगी, नक्की जमेल. पोर्ता नुओव्हा स्थानकावरून गावाच्या जुन्या भागाकडे शहर बस जातात. अरेनापासून कॅथेड्रलपर्यंत चालायचे झाले तर रस्ता सपाट आहे, मात्र दगडी फरसबंदी आहे, तेव्हा वडिलांना जाड तळव्याची पादत्राणे घालायला सांगा. वाटेत लाल दगडाच्या लाद्यांवर शंखासारखी वळणे दिसली तर थांबून पाहा, ते अमोनाइट या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म आहेत. वेरोनाचा ‘संगमरवर’ म्हणून ओळखला जाणारा तो दगड वास्तविक चुनखडक आहे.

कॅथेड्रल, सान झेनो, सान्ता अनास्तासिया आणि सान फेर्मो या चार चर्चांचे एकत्रित तिकीट मिळते. एकट्या कॅथेड्रलचेही मिळते आणि दोन्ही लहान वास्तू त्यातच येतात. रविवारी आणि सणाच्या दिवशी सकाळी उपासना असल्यामुळे पर्यटकांना दुपारपर्यंत थांबावे लागते, म्हणून शक्यतो आठवड्यातील मधला दिवस निवडा. खांदे झाकणारे कपडे असावेत. घाई न करता कॅथेड्रल आणि दोन्ही लहान वास्तू पाहायला दीड तास पुरतो. वडील थकले तर त्यांना कॅथेड्रलमधील बाकावर तित्सियानोच्या चित्रासमोर बसवा आणि तुम्ही डावीकडच्या दाराने आत जाऊन या. पण कुंडाभोवतीची एक फेरी त्यांनीही करावी असे मला वाटते, आणि ती करताना देवदूताच्या पटापासून सुरुवात करा, नाहीतर कथा मधूनच सुरू होईल.

पानवेल

सुरंगी, एक भर घालते. तिकिटासोबत श्राव्य मार्गदर्शनाची सोय आहे, ती इंग्रजीतही मिळते. पण कुंडापाशी ती बंद ठेवा आणि पायवाट यांनी दिलेला आठ पटांचा क्रम कागदावर लिहून न्या. मीही पुढच्या खेपेला तसेच करणार आहे.